नहरीतला आवाज चढाला जात न्हाई

फसली सन तेराशे पंचेचाळीस. मी एकोणीस वर्षांचा होतो, अंगानं बाभळीच्या खुंट्यासारखा, अन् मिशी अशी की बाजारात माणसं आधी मिशीला रामराम घालायची, मंग मला. फसली म्हणजे काय हे आताच्या पोरांना ठाऊक न्हाई. निजामाच्या राज्यात शेतसारा, जन्म, मरण, सगळं फसलीनंच चालायचं. इंग्रजी सन कोणता होता ते ज्याला पायजे त्यानं आपल्या बोटांवर काढावं. शाळा मी दोनच वर्षं केली. मास्तरनं एकदा उठबशा काढायला सांगितल्या. मी म्हणलो कारण सांगा. त्यांनी कारण सांगितलं न्हाई, मी उठबशा काढल्या न्हाईत, अन् दोघंबी आपापल्या जागी खरे राह्यलो. त्यामुळं माझं लिहिणं शुद्ध नसंल. पण खोटं न्हाई, अन् ज्याला खोटं वाटंल त्यानं इथंच थांबावं, मला त्याचा राग न्हाई.

आमचं गाव हौदखेड. कुंभार पिंपळगावचा बाजार करायचा तर कोंबडा आरवायला गाडी जुंपावी अन् उन्हं डोक्यावर यायला पोचावं, एवढं लांब. गावाच्या वरच्या अंगाला काळ्या दगडाची सराई, कोण्या बादशहाच्या वक्ताला वाटसरूंसाठी बांधलेली. कमानी, मधी चौक, चौकात दगडी हौद. मोठ्या कमानीवर फारसीत काहीतरी कोरलेलं हाय, ते आजवर तीन शहाण्या माणसांनी वाचलं. पहिला म्हणला, ह्यात बादशहाचं नाव हाय. दुसरा म्हणला, नाव कुठलं, पाणी जपून वापरा असं लिव्हलंय. तिसऱ्यानं डोळे बारीक करून पाह्यलं अन् म्हणला, हौदात घोडं घालू नये. गावानं तिसऱ्याचं मानलं, कारण ते तेवढंच कामाचं होतं.

टेकडीच्या झऱ्याचं पाणी ह्या हौदात यायचं, अन् हौदाच्या भिंतीतून जमिनीखालून नहर निघायची. विटांची, चुन्यात बसवलेली, माणूस वाकून चालंल एवढी उंच. ती गावाच्या पोटातून जाऊन खालच्या अंगाला मशिदीजवळच्या हौदात उतरायची अन् तिथून उघड्या पाटानं मळ्यांत. वाटेत ठिकठिकाणी दगडी धुराड्यासारखे बुरूज वर काढलेले, नहरीला हवा मिळावी म्हून. त्यांला आम्ही उसासे म्हणायचो. उन्हाळ्यात उसाशाच्या तोंडाशी उभं राह्यलं की आतून गार वारा यायचा, अन् वाटायचं खाली कोणीतरी मोठं जनावर झोपलंय. मागं शहरातून मोजमाप करणारी शिकलेली पोरं आल्ती. त्यांनी मला विचारलं, बाबा, ही रचना त्या काळी कशी होती? मी म्हणलो, गार होती. त्यांनी तेवढंच लिहून घेतलं अन् गेली.

आमचं घराणं पाटकऱ्याचं. म्हणजे नहर साफ ठेवायची, कचरा काढायचा, कोणाच्या मळ्याला कवा पाणी सोडायचं ते ठरवायचं. गावात पाटील मोठा, पण वैशाखात पाटीलसुद्धा माझ्या बापाला आधी रामराम करायचा. बापाला आम्ही दादा म्हणायचो. दादा काटकीसारखे बारीक, पण मान अशी ताठ की टोपी पडली तरी खाली पाहून उचलायचे न्हाईत, मला उचलायला सांगायचे. नहरीबद्दल दादा बोलले की बोलणं संपलं. कोणत्या विटेचा चुना सुटलाय, कोणत्या वळणावर गाळ बसतो, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचे, अन् न विचारलं तरी सांगायचे.

अन् आमचं घर असं की त्याची मागची भिंत म्हणजेच एक उसासा. कोण्या पणज्यानं वीट वाचवायला चूलखण त्याला चिकटवून बांधलं होतं. चुलीच्या बाजूला भिंतीत हातभर रुंदीचं भोक, त्याला लाकडी झाकण. मायचं निम्मं स्वयंपाकघर त्या भोकात लोंबकळायचं. दुधाचं गाडगं दोरीनं आत, दह्याचं आत, उन्हाळ्यात लोण्याचा गोळा केळीच्या पानात बांधून आत. जेवताना गार ताक पायजे म्हणलं की माय दोरी ओढायची. तसलं ताक मी पुन्हा कुठंच पेलो न्हाई. नातू जालन्याला एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यात जातो, त्यानं घरात थंडीचं कपाट आणून ठेवलंय. त्यातलं ताक गार असतं, पण त्याला विटांचा वास न्हाई.

त्या भोकातून अजून एक गोष्ट यायची, ती म्हणजे सराईतली बोलणी. हौदाच्या काठी कोणी बसून बोललं की शब्द न् शब्द आमच्या चुलीपाशी. कापसाचे व्यापारी काय म्हणतात, कोणत्या फकिराचा गुडघा दुखतो, कोणत्या नवऱ्यानं वाटेत बायकोला काय शिवी दिली, हे सगळं मायला भाकरी थापता थापता कळायचं. ह्याबद्दल दादांचा एक कायदा होता, त्यांच्या आजापासून आलेला. आवाज पाण्यासंगं वाहतो. सराई वर, आपण खाली, म्हून वरचं खाली ऐकू येतं. खालचं वर जाणार न्हाई. "वरून पान सोडलं तर खाली येतं का न्हाई?" दादा विचारायचे. येतं. "खालून सोडलं तर वर जातं का?" न्हाई जात. "पान चढत न्हाई, काडी चढत न्हाई, मंग आवाज कसा चढंल? त्याला का पाय हाय?" ह्यावर काय बोलणार? त्यामुळं आमच्या घरात झाकण उघडं टाकून कोणीबी काहीबी बोलायचं.

आता कोणी विचारंल, अरे, तुमी कवातरी सराईत गेले असताल, तवा घरचा आवाज आला न्हाई का? आल्ता ना. मायचा आवाज सराईत नेहमीच ऐकू यायचा. पण मायचा आवाज मारुतीच्या पारावरबी ऐकू यायचा, मळ्यातबी ऐकू यायचा. तो जमिनीवरून आला का जमिनीखालून, हे कोण तपासतं?

सराईचे राखणदार बाबूमियाँ. दाढी मेंदीची, घरात उर्दू, आमच्यासंगं दोन्हीची खिचडी. त्यांच्याकडं वाटसरू यायचे अन् सकाळी पांढऱ्या तोंडानं सांगायचे की हौदात जिन हाय. कसा हाय? तर मराठी बोलतो, बाईच्या आवाजात बोलतो, अन् त्याला कायम मिठाची काळजी. "मीठ सांडलं कोणी?" म्हून ओरडतो. एकाला तर जिन म्हणला होता, "उठ मुडद्या, म्हस सुटली." तो गडी अंथरूण टाकून पळाला. बाबूमियाँ गंभीरपणे मान हलवायचे अन् सांगायचे की जिनाला गूळ आवडतो, हौदाजवळ ठेवून जा. मला नवल वाटायचं की बाबूमियाँच्या घरी चहा एवढा गोड कसा.

आता मुद्द्याचं. त्या साली मी तीन पोरींना न्हाई म्हणलो होतो. दादा म्हणले होते, वैशाखात न्हाई ठरलं तर मी ठरवंन त्या पोरीच्या गळ्यात तुला बांधंन, तोंडातून चकार शब्द काढायचा न्हाई. पण माझं मन चैत्रातच ठरलं होतं. रामनवमीला मी जांबच्या जत्रेला गेल्तो. तिथं कासाराच्या पालापुढं एक पोरगी बसलेली. कासारानं दोन हातांत हिरव्या बांगड्यांची ओळ चुकवली होती, एका हातात मधी सोनेरी पट्टी, दुसऱ्या हातात शेवटाला. पोरगी म्हणली, सगळ्या काढा अन् बराबर भरा. कासार म्हणला, कोण पाहतंय? पोरगी म्हणली, मी पाहून राह्यले. अन् बसली. तिची आई गेली, चुलती ओरडून गेली, कासारानं पाल गुंडाळायचं सोंग केलं, पोरगी हलली न्हाई. मी हातात टरबुजाची फोड घेऊन उभा, रस कोपरापर्यंत गळून राह्यला, पण मला हलवंना. शेवटी कासारानं हात जोडले अन् बांगड्या उतरवल्या. मी तवाच म्हणलो, करीन तर हीच. तिचं नाव कौसा, बाप किसनराव, घनसावंगीच्या पलीकडल्या कोरड्या गावचा. घरी सांगितलं, निरोप गेला, अन् वैशाखात किसनराव आमचं घर पाहायला आले. संगं कौसाचा मामा.

रीत अशी की सोयरीक ठरायच्या आधी पोरीकडच्यांनी मुलाच्या घरी जेवावं, पण पाठ टेकू नये. म्हून पाव्हण्यांनी सकाळी गाडी सराईत सोडली, हातपाय धुवायला हौदावर बसले, अन् इकडं माय, आत्या, दादा अन् मी, चौघंबी भोकाला कान लावून. दादा म्हणत होते, हे काही बराबर न्हाई, पण सगळ्यात मोठा कान त्यांचाच आत होता.

"दगड पक्का हाय गावाचा," किसनरावांचा आवाज आला, जाड, सावकाश. "पण मेव्हण्या, लक्षात ठेव. पहिल्या भेटीला जे पुरण घालतात ना, त्यांच्या घरी पुढं वर्षभर कण्या."

मायनं पहाटेपासून पुरण वाटलं होतं. घरभर वेलदोड्याचा वास. ती दोन पावलं मागं सरली अन् तिच्या आवाजात, म्हणजे गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "अगं माय! पुरण लपवा गं! आत्याबाई, कडब्यात घाला ते पातेलं! भाकरी टाका, पिठलं टाका! ग्यानबा, वास जायला काहीतरी जाळ रं!"

वर एकदम गप्प झालं. आम्हाला वाटलं पाव्हणे तोंड धुवून राह्यले. मी दारात शेणाची गोवरी पेटवून धूर केला, आत्यानं पातेलं कडब्याच्या गंजीत खुपसलं, अन् आम्ही पुन्हा कान लावला. आता बोलत होता मामा. त्याचा आवाज बारीक अन् गोड, जिभेवर गूळ ठेवल्यासारखा.

"दाजी, मला तर पोराची एकच पारख ठाऊक. जनावराला नात्यानं हाक मारतो का ते पाहायचं. जो म्हशीला मावशी म्हणतो ना, तो बायकोला जपतो."

मायनं माझ्याकडं पाह्यलं. मी मान हलवली. म्हणायची तर म्हणायची, त्यात काय?

"ऐकलं का रं? मावशी म्हण!" माय ओरडली.

वर कोणीतरी ठसकलं. मंग मामा म्हणला, "अन् दाजी, कष्टाळू पोरगा रिकाम्या हातानं बसत न्हाई. जेवतानाबी मांडीवर काहीतरी जड घेऊन बसतो." दादांनी लगेच पाट्याकडं बोट केलं, मायचा वाटण वाटायचा दगडी पाटा, दोन माणसांनी उचलायचा. "अन् मिशी!" मामा म्हणला. "मिशीला तेल लावणारा कंजूष. तूप लावणारा दिलदार."

तुमी हसताल. पण आम्हाला त्यात वावगं काही दिसलं न्हाई. पाव्हण्यांचे आपापल्या गावचे नेम असतात. कोणी पोराची चाल पाहतं, कोणी दात मोजतं. हे मिशी पाहतात, एवढंच.

दुपारी पाव्हणे जेवायला आले. किसनराव धिप्पाड, पांढऱ्या भुवया, चेहऱ्यावर काहीच न्हाई. मामा बुटका, गालात काहीतरी धरल्यासारखा. मी ओसरीवर मांडीवर पाटा घेऊन बसलेलो. उठून पाया पडायचं होतं, पण पाट्यामुळं उठता येईना, म्हून बसल्या जागीच वाकलो अन् पाटा माझ्या पोटात घुसला. मिशीला मायनं बोटभर तूप लावलेलं, वैशाखाचं ऊन, तूप वितळून ओठांवर, अन् गावातल्या माश्यांना कोणी सांगितलं कुणास ठाऊक, सगळ्या आल्या. एका हातानं भाकरी मोडायची, एका हातानं माश्या, अन् पाटा घसरू लागला तर गुडघे वर. गोठ्यातून म्हस रेकली. माय दाराआडून खाकरली. मी मोठ्यानं म्हणलो, "काय झालं गं मावशे? पाणी पायजे का?"

मामा एकदम उठला अन् हात धुवायच्या निमित्तानं अंगणात गेला. तिथं त्याचे खांदे हलून राह्यले होते. दादा हळू म्हणले, "त्याला गहिवरून आलं."

किसनराव मात्र शांत जेवत होते. मधीच त्यांनी विचारलं, "पोरा, पाटा रोजच मांडीवर घेतोस?"

"रोज," मी म्हणलो.

"अन् वाटण कवा वाटते माय?"

मी मिशीवरची माशी उडवली.

जेवण झालं, पाव्हणे आडवे व्हायला सराईत गेले, अन् आम्ही पळत भोकापाशी. आधी बराच वेळ नुसतं हसणं ऐकू आलं. मामा हौदाच्या फरशीवर लोळत असावा, कारण हसणं इकडून तिकडं जात होतं. "मावशे!" म्हणायचा अन् पुन्हा लोळायचा. "दाजी, मी अजून एक सांगणार होतो, की खरा जावई शेपटी लावून नाचतो. लावली असती वो! आईच्यान लावली असती!"

मंग किसनरावांचा आवाज आला. "हसू नको. पोरगं अंगानं चांगलं हाय. पण जो कोणाच्याबी सांगण्यावर म्हशीला मावशी म्हणतो, तो उद्या कोणाच्याबी सांगण्यावर माझ्या पोरीला घराबाहेर काढंल. माझी कौसा हट्टी. तिला ताठ कण्याचा पायजे. उद्या सकाळी जाऊ निघून."

माझ्या डोक्यात रक्त चढलं. मी, ज्यानं शाळा सोडली पण उठबशी काढली न्हाई, तो कण्याचा मऊ? मी भोकात डोकं घातलं, दह्याचं गाडगं कपाळाला लागलं, अन् गरजलो, "मी मऊ न्हाई! अन् चोरून चोरून काय चिडवता? समोर या!"

वरून किसनराव अगदी सहज म्हणले, "ऐकू येतंय रं पोरा. जरा हळू बोल, इथं घुमतं."

आत्यानं कपाळावर हात मारला. माय खाली बसली, कारण सकाळपासून आपण काय काय बोललो ते तिला एकदम आठवलं असावं. पण दादा पुढं आले. त्यांनी मला बखोटीला धरून बाजूला केलं, भोकात तोंड घातलं अन् म्हणले, "पाव्हणं! आवाज चढाला जात न्हाई!"

"बराबर हाय," वरून उत्तर आलं. "बिलकुल जात न्हाई. पण तुमचा येऊन राह्यला."

"तो अंगणातून वाऱ्यावर आला असंल!"

"वारा पडलाय, पाव्हणं. पिंपळाचं पान हलंना."

"मंग तुमी अंदाजानं बोलून राह्यले!"

"बरं," किसनराव म्हणले, "मला ठाऊक नसंल असं काहीतरी बोला. मी जसंच्या तसं सांगतो."

"काहून बोलू?" दादा ओरडले. "तुमाला ऐकूच येत न्हाई, मंग बोलून काय फायदा?"

एव्हाना निम्मं गाव आमच्या अंगणात अन् निम्मं सराईत. बाबूमियाँ मधल्या वाटेनं इकडून तिकडं पळत निरोप सांगत होते, अन् त्याची काहीच गरज नव्हती. शेवटी किसनराव म्हणले, "पाव्हणं, मी हट्टाचा माणूस. एवढंच म्हणा की आवाज वर येतो. आत्ता नारळ देतो. पोरगी दिली."

माय दादांचं धोतर ओढत होती. "अवो, म्हणा की! एवढ्याशा गोष्टीपायी पोराचा संसार घालवता का?"

"खोटं कसं म्हणू?" दादा म्हणले. त्यांची मान थरथरत होती, पण खाली जाईना. "माझा आजा काय येडा होता?"

"मंग पोराला विचारू," वरून आलं. "ग्यानबा, तू सांग. तुझा बाप खरा का मी?"

कौसा माझ्या डोळ्यापुढं आली, बांगड्यांचे हात गुडघ्यावर ठेवून बसलेली. एक शब्द बोललो असतो तर ती माझी होती. पण बाजूला माझा बाप उभा, अंगणात गाव उभं, अन् पाटकऱ्याच्याच पोरानं पाटकऱ्याला खोटं पाडायचं? मी भोकात तोंड घातलं अन् म्हणलो, "आवाज चढाला जात न्हाई."

मंग किसनराव म्हणले, "ठीक. मंग मी तुमचं काहीच ऐकलं न्हाई. पोरगी मागितलेलीबी ऐकली न्हाई."

त्या संध्याकाळी आमच्या घरात मरण झाल्यासारखं होतं. कडब्यातलं पातेलं बाहेर आलं, पुरणाला काड्या चिकटलेल्या, कोणी बोट लावलं न्हाई. मायनं भोकात गोधडी कोंबली. दादांनी ती ओढून काढली. गोधडी कोंबणं म्हणजे कबूल करणं, असं त्यांचं म्हणणं. मायनं उभ्या जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात विचारलं, "भाकरी वाढू का?" तर दादा खेकसले, "हळू काहून बोलतीस? आवाज जातो का कुठं?" अन् जेवले न्हाईत.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मायनं मला उठवलं. तिनं पुरण निवडून पोळ्या लाटल्या होत्या, धडप्यात बांधून माझ्या हातात दिल्या अन् दाराकडं बोट केलं. दादा अंथरुणात नव्हते, मळ्याकडं गेले असतील असं वाटलं. मी मिशी माती लावून धुतली, तुपाचा थेंब ठेवला न्हाई, अन् सराईकडं निघालो. कमानीत बाबूमियाँ दातून करत होते. मला पाहून म्हणले, "जा बेटा, जा. मैं तो बरसों से सुनरा. तुमारे घर की दाल में नमक कब जास्ती हुआ वो भी मालूम." मी म्हणलो, मंग सांगितलं काहून न्हाई? ते म्हणले, "जिन का पेट कैसे मारूँ?"

मामा बैलं जुंपत होता. माझ्याकडं पाह्यलं अन् बैलाच्या मानेआड तोंड लपवलं. किसनराव हौदाच्या काठी तोंड धुवत होते. मी पोळ्या फरशीवर ठेवल्या अन् म्हणलो, "पोरगी मागायला आलो. समोर उभा हाय. आता तरी ऐकू येतं ना?"

"येतं," किसनराव म्हणले. "पण तुझ्या बापानं म्हणायला पायजे."

"बाप म्हणणार न्हाई. मीबी म्हणणार न्हाई. अन् तुमची पोरगी माझ्या घरी आली तर तीबी म्हणायची न्हाई. मी तिला जांबला कासारापुढं पाह्यलंय."

किसनरावांच्या भुवया वर गेल्या. ते काही बोलणार, तेवढ्यात हौदाच्या भिंतीतल्या नहरीच्या तोंडातून आवाज आला. दबका, घोगरा, चोरून बोलल्यासारखा.

"कुणी हाय का वर?"

माझा बाप होता. मामानं बैलाच्या घुंगरांवर हात धरला.

"पाव्हणं?" पुन्हा आलं. "ऐकू येतं का? न्हाई, सहज इचारून राह्यलो."

किसनराव हळूच खाली बसले. त्या दगडासारख्या चेहऱ्यावर असं हसू आलं, जसं पेरणीनंतर आभाळाकडं पाहताना येतं. "इचारलं," ते माझ्या कानात म्हणले. "माणसानं इचारलं रं! मला एवढंच पायजे होतं." त्यांनी पिशवीतून नारळ काढला अन् माझ्या दोन्ही हातांत ठेवला. "पोरगी दिली."

"हाय का कुणी?" खालून पुन्हा आलं, आता जरा काळजीनं.

किसनरावांनी ओठावर बोट ठेवलं अन् माझ्याकडं मान केली. म्हणजे, तुझा बाप, तूच काय ते सांग. मी नारळ पोटाशी धरून हौदाच्या काठावर पालथा झालो, नहरीच्या तोंडात डोकं घातलं, मिशी पाण्यात बुडाली, अन् छातीत होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडलो, "न्हाई!"

मंग माझ्या बापाचा आवाज आला, मोकळा, खणखणीत, मायला सांगत असलेला.

"ऐकलंस? न्हाई म्हणला! मी कालपासून काय सांगून राह्यलो?"